घरातील वीज – लेखांक 7 : विटांतील ऊब आणि नवा मीटर

मागील लेखांकात ब्रिटनमध्ये 1978 साली सुरू झालेल्या 'इकॉनॉमी सेव्हन' या दरपद्धतीचा, म्हणजे रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि उरलेला दिवस ती महाग या व्यवस्थेचा, परिचय करून दिला होता. गॅसची नळी जेथे पोहोचलेली नाही अशा सदनिकांत व दूरच्या खेड्यांत या स्वस्त विजेवर ऊब साठवणारे हीटर आजही भिंतीला लागून उभे असतात. आणि अशा घरात स्मार्ट मीटरचा उपयोग कोणता, हा प्रश्न तेथे नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या आपल्या मंडळींनाही पडतो.

पत्र्याच्या पेटीत जड, लोहमिश्रित विटांची चळत, विटांमधून गेलेल्या तापणाऱ्या तारा आणि सभोवार उष्णतारोधक अस्तर, एवढाच या हीटरचा सरंजाम. वरच्या दोन बटणांपैकी 'इनपुट' रात्री किती ऊब जमा करावयाची हे ठरवते, 'आउटपुट' ती दिवसा किती वेगाने खर्चावी हे. पुष्कळ भाडेकरू दोन्ही बटणे कायमची शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. परिणामी दुपारपर्यंत विटा रित्या होतात, संध्याकाळी घर गारठते आणि मग पंख्याचा हीटर दिवसाच्या दराने लागून रात्रीची बचत फस्त होते.

मीटर या हिशेबात दोन नात्यांनी येतो. आकारणी करणारा कारकून म्हणून आणि हीटरच्या विजेचा दरवाजा उघडणारा पहारेकरी म्हणून. माझ्या मते दुसरे नाते अधिक महत्त्वाचे. गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकापासून असंख्य घरांत ही पहारेदारी बीबीसीच्या दीर्घलहरींवरून, चालू कार्यक्रमाच्या आडून जाणाऱ्या अश्राव्य इशारतीने चाले. ती योजना 30 जून 2025 पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यास प्रारंभ झाला. तिची जागा घेणारा स्मार्ट मीटर साधा असून भागत नाही. त्याच्या पाचव्या अग्राला हीटरची स्वतंत्र तार जोडलेली असावी लागते, आणि त्या तारेत वीज ठरल्या वेळीच सोडली जाते. ही जोडणी चुकली तर हीटर एक तर भर दुपारी महाग वीज पिऊ लागतात, किंवा रात्रभर थंडच राहतात.

मीटरचे घड्याळ ग्रिनिच वेळेवर चालते, उन्हाळ्यात पुढे सरकत नाही. म्हणून रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात हा स्वस्त विजेचा अवधी उन्हाळ्यात भिंतीवरील घड्याळात दीड ते साडेआठ होतो. शिवाय साऱ्या घरांचे हीटर एकाच क्षणी चालू होऊन वाहिन्यांवर भार पडू नये यासाठी प्रत्येक मीटर काही मिनिटांचा यादृच्छिक विलंब राखतो. धुलाईयंत्र लावावयाचे तर ते अवधीच्या कडेला न लावता मध्यावर लावावे.

स्मार्ट मीटरबरोबर येणाऱ्या, घरात ठेवावयाच्या छोट्या पडद्याची मात्र गंमत आहे. त्यावरील रंगीत दिवा बहुधा विजेच्या जोरावरून रंग पालटतो, त्यामुळे दोन-तीन हीटर सुरू होताच, म्हणजे नेमक्या सर्वांत स्वस्त वेळी, तो तांबडा होऊन बसतो! त्याच्याकडे दुर्लक्ष करावे आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या नोंदी पाहाव्यात. पहाटेपूर्वीच खप उतरला असेल तर विटा भरल्या, असे समजावे. संध्याकाळी पाचनंतर तो पुन्हा उसळला असेल, तर दुपारचे 'आउटपुट' कमी करून पाहावे. उद्याची थंडी मात्र मीटरला ठाऊक नसते, म्हणून झोपण्यापूर्वी हवामानाचा अंदाज ऐकून 'इनपुट' बेताने ठरविण्याचे काम गृहस्थाकडेच उरते.