पोते आणि पुडी

मुक्ताईनगरात, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेत, किंवा खानदेशातल्या कोणत्याही बाजारगावी आठवडी बाजाराला चक्कर मारा. वाण्याच्या दुकानी दोन तऱ्हेची गिऱ्हाइके दिसतील. एक पोत्याने गहू नि डब्याने तेल नेणारे. दुसऱ्याच्या हाती तेलाची बाटली आणि डाळीची पुडी. सांगा पाहू, यांत काटकसरी कोण?

पोतेवाला, असे चटकन म्हणू नका. आपल्या घरी नवे पीक आले की वर्षाचा गहू घेतात. ऊन दाखवून, एरंडेलाचा हात फिरवून तो कोठीत जातो. पुढे पावसाळ्यात भाव चढला तरी घरधनीण निश्चिंत! केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईला हे शहाणपण का ठाऊक नसते? चांगले ठाऊक असते. पण आठवड्याची मजुरी बाजारच्या दिवशी हाती येते नि त्याच दिवशी संपते. पोत्याची रक्कम एकदम आणायची कोठून? त्यातून उधारीच्या वहीत नाव असले, तर घासाघीसही करवत नाही.

समजा, अशा सुट्या खरेदीत आठवड्याला अवघे २० रुपये जादा गेले. वर्षाचे झाले १,०४०. चाळीस वर्षांच्या संसारात ४१,६००! शिवाय त्यावरचे व्याज बुडाले ते वेगळेच. मिळकतीतली दरी बाजारात अशी आणखी रुंदावते.

न्यूयॉर्कमधील हप्त्याने वस्तू घेणाऱ्या गरीब घरांवर डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी १९६३ साली पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थच ‘गरीब अधिक मोजतात’ असा आहे. कर्नाटकातल्या एका खेड्याच्या अभ्यासातून विजयेंद्र राव यांनीही २००० साली तेच दाखवले: थोडेथोडे घेणाऱ्याला त्याच जिनसाला चढा दर पडतो.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांतील माणसांना दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला, हा मोठाच आधार. तरी तेल, मिरची, साबण यांची पुडी सुटत नाही.

भगिनींनो, घरी कामाला येणाऱ्या बाईंना दिवाळीचा फराळ तुम्ही देतच असाल. येत्या उन्हाळ्यात आणखी एक करा. आपले पोते घ्याल, तेव्हा त्यांच्या जिनसांचे पैसेही आगाऊ द्या आणि वर्षभर पगारातून बिनव्याजी वळते करून घ्या. तुमची कोठी तेवढीच राहील. त्यांची मात्र पहिल्यांदाच भरेल.