बहुरूप्याचा दुर्मीळ रंग

मालवणच्या धक्क्यावर सकाळी मासळी उतरते, तेव्हा पाटीतल्या ताज्या म्हाकुळाकडे क्षणभर निरखून पाहावे. पाण्याबाहेर आल्यावरही त्याच्या कातडीवर तांबूस-तपकिरी ठिपके उमटत आणि मिटत असतात. सुट्टीत गावी आलेल्या चाकरमान्यांच्या मुलांचे लक्ष मात्र मोबाइलमधल्या दुसऱ्याच बहुरूप्याकडे असते. त्याचे नाव डिट्टो.

१९९६ साली जपानमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन’ या खेळात चित्रविचित्र प्राणी पकडून जमवायचे असतात. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता. त्यातूनच ही कल्पना सुचली. डिट्टो हा त्यातला जांभळट, लगद्यासारखा जीव. समोरच्याचे रूप घेणे एवढीच त्याची कला. १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या आवृत्त्यांपासून या प्राण्यांना दुर्मीळ रंगछटा मिळाली. खेळाडू तिला ‘शायनी’ म्हणतात. शायनी डिट्टो निळा असतो. रंग बदलला म्हणून त्याचे बळ तसूभरही वाढत नाही. मोल आहे ते केवळ दुर्मीळतेचे.

ही दुर्मीळता म्हणजे शुद्ध सोडत. आरंभी ८१९२ मध्ये एक अशी शक्यता होती. २०१३ पासून मुख्य खेळांत ती ४०९६ मध्ये एक झाली. म्हणजे ४०९६ वेळा प्रयत्न केला की शायनी हमखास मिळणार, असा अनेकांचा समज होतो. गणित वेगळेच सांगते. तेवढे प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ३७ जण रिकाम्या हातांनीच परततात. ‘इतके झाले, आता निघेलच’ या आशेला आधार नसतो, कारण प्रत्येक सोडत नवी असते. आईबापांनी मुलांना समजावून सांगावे असे काही या खेळात असेल, तर ते हेच.

भारतात डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आलेल्या ‘पोकेमॉन गो’मध्ये गुंता आणखी वाढतो. तिथे डिट्टो एखाद्या सामान्य पोकेमॉनच्या वेषात भेटतो आणि पकडल्यावरच उघडा पडतो. फेब्रुवारी २०२१ पासून तो निळाही निघू शकतो. पण वेष उतरेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. उलट, आधीच शायनी दिसणारा प्राणी डिट्टो नसतोच. निळ्याच्या शोधात असलेल्याला साधेच प्राणी पकडत बसावे लागते.

मुळात बहुरूप्याला स्वतःचा असा रंग असतो का? खेळात तो सोडतीने ठरतो आणि कायमचा चिकटतो. म्हाकुळाच्या कातडीत रंगद्रव्याच्या असंख्य सूक्ष्म, लवचीक पिशव्या असतात. भोवतालचे स्नायू ताणले की ठिपका पसरतो, सैल पडले की आक्रसतो. हुकूम थेट मेंदूकडून येतो, त्यामुळे अंगभर पालट व्हायला एक सेकंदही लागत नाही. लपणे, धमकावणे, मादीला रिझवणे, साऱ्यांसाठी रंग निराळा. दुर्मीळ असा कोणता म्हणावा? गंमत म्हणजे यातल्या बहुतेक जातींच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारे द्रव्य एकाच प्रकारचे असते. आपण वठवलेले रंग बहुधा त्यांना स्वतःला ओळखता येत नाहीत.