इंग्रजीतले ‘जर-तर’

इंग्रजीत अट सांगणाऱ्या वाक्याचे दोन भाग असतात. एका भागात अट येते आणि तो बहुधा ‘इफ’ने सुरू होतो. अट पुरी झाली तर काय होईल, हे दुसऱ्या भागात येते. तिथे बहुधा विल, वुड, कॅन, कुड, मे, माइट, शुड, मस्ट यांपैकी एखादे सहायक क्रियापद बसते. शाळेच्या व्याकरणात यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. सांगितलेली गोष्ट नक्की आहे, शक्य आहे, योग्य आहे की नुसती कल्पना आहे, हे या एवढ्याशा शब्दावरून कळते.

ही वाक्ये शाळेत झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा क्रमांकांनी शिकवली जातात. क्रमांक परीक्षेला उपयोगी पडतात, पण रोजच्या बोलण्यातली बरीच वाक्ये त्या चौकटींत मावत नाहीत. रँडॉल्फ क्वर्क, सिडनी ग्रीनबॉम, जेफ्री लीच आणि यान स्वार्टविक यांच्या १९८५ सालच्या इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणात अटींची मुख्य वाटणी खुली अट आणि काल्पनिक अट अशी केली आहे. खुल्या अटीत गोष्ट घडेल किंवा घडणारही नाही. दोन्ही वाटा मोकळ्या असतात. काल्पनिक अटीत मात्र ती घडत नाही, घडली नाही किंवा घडण्याचा संभव फार कमी, असे बोलणारा धरून चालतो. ही वाटणी पक्की समजली की बाकीचे बहुतेक नियम तिच्यातूनच निघतात.

खुल्या अटीचे नेहमीचे वाक्य म्हणजे ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॉल्ड ऑफ’. पाऊस उद्याचा असला तरी अटीच्या भागात साधा वर्तमानकाळ येतो. ‘इफ इट विल रेन’ असे म्हणत नाहीत. सामना रद्द होणारच असेल तर विल. रद्द होण्याची नुसती शक्यता असेल तर त्याच जागी मे, माइट किंवा कुड. ‘इफ यू फिनिश अर्ली, यू कॅन गो होम’ या वाक्यात कॅन परवानगी देते. ‘इफ यू हॅव अ फीव्हर, यू शुड सी अ डॉक्टर’ हा सल्ला झाला, आणि शुड काढून मस्ट घातले की त्याची सक्ती होते. अटीला हात न लावता एका शब्दाच्या बदलाने वाक्याचा सारा रोख बदलतो.

काल्पनिक अटीत क्रियापदाचे रूप भूतकाळी होते. वुड, कुड, माइट आणि शुड ही मुळात विल, कॅन, मे आणि शॅल यांची भूतकाळी रूपे. ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ हाउस’ या वाक्यातले हॅड दिसायला भूतकाळी आहे, पण गोष्ट आजची आहे: आज पैसे नाहीत, म्हणून घर घेता येत नाही. इथे भूतकाळी रूप कालची गोष्ट सांगत नाही. ती गोष्ट प्रत्यक्षात नाही, एवढेच सांगते. ‘इफ आय वेअर यू’ यातले वेअर याच जातीचे. लेखी इंग्रजीत अशा जागी ‘इफ आय वेअर’ रूढ आहे, बोलण्यात ‘इफ आय वॉज’ही सर्रास ऐकू येते, ‘इफ आय वेअर यू’ हा सल्ल्याचा ठरीव प्रयोग मात्र बोलण्यातही बहुधा तसाच राहतो.

हुकलेली गोष्ट खरोखरच मागे पडलेली असेल तर इंग्रजी आणखी एक पायरी मागे जाते: ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस’. तेव्हा पैसे नव्हते, घर घेतले नाही. मराठी माणूस नेमका इथे अडखळतो. ‘पैसे असते तर मी घर घेतलं असतं’ हे एकच मराठी वाक्य आजच्या अडचणीलाही चालते आणि दहा वर्षांपूर्वीच्या हुकलेल्या संधीलाही; कोणती वेळ ते संदर्भावरून समजते. इंग्रजीत ती वेळ क्रियापदाच्या रूपातच सांगावी लागते. दुसरी गोष्ट, ‘मी तिथे असतो तर मदत केली असती’ या मराठी वाक्यात दोन्ही भागांत ‘असणे’चे एकाच घडणीचे रूप येते. त्याच धर्तीवर ‘इफ आय वुड हॅव बीन देअर, आय वुड हॅव हेल्प्ड’ असे तोंडून जाते. अमेरिकेत बोलताना हा प्रयोग पुष्कळ ऐकू येतो, पण प्रमाण लेखनात तो चूक धरतात. तिथे अटीच्या भागात ‘हॅड बीन’ आणि वुड फक्त दुसऱ्या भागात, असे हवे. अट कालची आणि परिणाम आजचा असला तर दोन्ही रूपे एका वाक्यात येतात: ‘इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन लंडन नाऊ’.

बोलताना ही रूपे आखडतात. ‘आय वुड’ आणि ‘आय हॅड’ या दोहोंचे ‘आय्ड’ होते आणि पुढच्या क्रियापदावरून त्यातले कोणते ते ओळखावे लागते. ‘वुड हॅव’चा उच्चार ‘वुडव’ असा होत असल्याने इंग्रजी मातृभाषा असलेलेही कधी कधी चुकून ‘वुड ऑफ’ लिहितात.

भूतकाळी रूपाने वास्तवापासून जसे अंतर राखले जाते, तसेच समोरच्या माणसापासूनही राखले जाते. इंग्रजीतली अदब यातूनच येते. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतून आदर दिसतो. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्यामुळे आदराचे बरेचसे काम वुड आणि कुड करतात. ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड मी द फाइल बाय मंडे’ हे वाक्य ऑफिसच्या ईमेलमध्ये रोज दिसते. त्यात कल्पनेतले काहीच नाही; फाइल सोमवारपर्यंत हवीच आहे. पण विनंतीला काल्पनिक अटीचे रूप दिल्याने समोरच्याला नकाराची वाट मोकळी राहते आणि आज्ञेची धार बोथट होते. ‘वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?’ यातले ओपन्डही याच कारणाने भूतकाळी आहे. कधी दुसरा भाग गाळूनच टाकतात: काउंटरवरचा कारकून ‘इफ यू कुड जस्ट साइन हिअर’ एवढेच म्हणतो आणि तेवढ्यात विनंती पुरी होते.

अटीच्या भागात विल किंवा वुड मुळीच येत नाही, हा शाळेतला नियम अदबीच्या बोलण्यात थोडा सैल करावा लागतो. विलचा अर्थ भविष्यकाळ नसून राजीखुशी असेल तर ते तिथे चालते. ‘इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द डॉक्टर’ म्हणजे आपण इथे थांबायला तयार असाल तर डॉक्टरांना बोलावतो. उठून जाताना म्हणतात ते ‘इफ यू विल एक्स्क्यूज मी’ही असेच.

पत्रांत आणि सूचनांमध्ये ‘इफ’ गाळून सहायक क्रियापद पुढे आणण्याचीही रीत आहे. ‘शुड यू नीड एनी हेल्प, प्लीज कॉल द रिसेप्शन’ ही हॉटेलच्या खोलीतली सूचना ‘इफ यू शुड नीड’चे औपचारिक रूप आहे. ‘हॅड आय नोन’ म्हणजे ‘इफ आय हॅड नोन’. बोलण्यात ही रचना कमी, लेखनात जास्त.

राहिल्या दोन नेहमीच्या चुका. मराठीत ‘जर’ गाळता येतो, ‘तर’ सहसा गाळता येत नाही. इंग्रजीत उलट, ‘इफ’ सहसा राहतो आणि ‘देन’ बहुतेक वेळा येतच नाही. ‘तर’च्या सवयीने प्रत्येक वाक्यात ‘देन’ घातला की इंग्रजी जड होते. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच असतो. म्हणून ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस’ याचे इंग्रजी ‘अनलेस यू स्टडी, यू वोन्ट पास’ असे होते. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ने अर्थ उलटतो.

बोलताना तक्ते आठवण्यापेक्षा प्रत्येक वाक्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. अट खुली आहे की काल्पनिक? आणि काल्पनिक असेल तर ती आजची की मागे पडलेली? या दोन उत्तरांनी क्रियापदाचे रूप ठरते. मग किती खात्रीने आणि किती अदबीने बोलायचे, एवढे पाहून विल, वुड, कॅन, कुड यांतला नेमका शब्द निवडणे उरते.