परदेशच्या कारभाराचा हिशेब कोण मागतो?

ग्रामसभेत सरपंचाला प्रश्न विचारता येतो, हे आपल्याला माहीत आहे. विहिरीवर किती पैसा गेला? रस्ता अर्धाच का राहिला? वही दाखवा, पावती दाखवा. विहीर आपल्या डोळ्यांपुढे असते. ती खोदली की नाही, हे सांगायला दुसरा माणूस लागत नाही.

पण देशाचा एक कारभार असा आहे की तो आपल्या डोळ्यांपुढे होत नाही. तो परमुलखात होतो. शेजारच्या देशाशी सीमा ठरवायची, तह करायचा, परदेशी गेलेल्या आपल्या माणसांची काळजी घ्यायची. या कामाला परराष्ट्र व्यवहार म्हणतात. ते पाहणारे खाते दिल्लीला आहे. त्या खात्याच्या मंत्र्याला परराष्ट्रमंत्री म्हणतात. दुसऱ्या देशांत या खात्याच्या कचेऱ्या असतात. त्यांना वकिलात म्हणतात. वकिलातीचा मुख्य तो राजदूत.

पुष्कळांना वाटते, हे मोठ्या लोकांचे काम, आपल्याला त्याचे काय? आम्ही म्हणतो, तसे नाही. कोकणातला पोरगा आखातात कामाला जातो, तेव्हा त्याला पासपोर्ट हेच खाते देते. तिकडच्या मालकाने पगार बुडवला, तर पोरगा आपल्या वकिलातीचे दार ठोठावतो. सीमेवरच्या शेतकऱ्याचे शेत कोणत्या देशात पडले, हेही याच खात्याच्या कागदावर ठरते. तेव्हा हे काम दूरचे आहे, पण परके नाही.

मग या खात्याला जाब कोण विचारतो? संसद विचारते. लोकसभा आणि राज्यसभा या दोन सभा आणि राष्ट्रपती मिळून संसद होते. लोकसभेत महाराष्ट्रातून ४८ खासदार जातात. त्यांना आपणच मत देऊन पाठवतो.

प्रश्नाचा तास

लोकसभेची बैठक सकाळी ११ वाजता सुरू होते. पहिला तास प्रश्नांचा. खासदाराने आपला प्रश्न निदान १५ दिवस आधी लिहून द्यायचा. कोणत्या खात्याने कोणत्या वारी उत्तरे द्यायची, हे ठरलेले असते.

काही प्रश्नांवर चांदणीची खूण असते. त्यांना तारांकित प्रश्न म्हणतात. असे २० प्रश्न रोजच्या यादीत घेतात. प्रश्न फार आले तर सोडत काढतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे. उत्तर अपुरे वाटले तर खासदार लगेच पोटप्रश्न विचारतो. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात. ही उत्तरे छापली जातात. ती कोणालाही वाचता येतात.

मंत्री म्हणाला, "माहिती गोळा करून सांगतो," तर तेवढ्यावर सुटका होत नाही. ते आश्वासन धरले जाते. तीन महिन्यांत ते पुरे करावे, असा नियम आहे. केले की नाही, हे पाहायला वेगळी समिती असते. सरकार पुष्कळदा मुदत वाढवून घेते, ही गोष्ट खरी. पण वहीतली नोंद पुसली जात नाही. आणि संसदेत जाणूनबुजून खोटे सांगितले, तर मंत्र्यावर हक्कभंगाचा ठपका येऊ शकतो.

पैसा आणि समिती

दुसरा लगाम पैशाचा. लोकसभेच्या मंजुरीवाचून या खात्याला एक पैही खर्च करता येत नाही. खात्याची मागणी आधी एक समिती तपासते. तिचे नाव परराष्ट्र व्यवहार समिती. १९९३ पासून प्रत्येक खात्याची तपासणी अशा समित्यांकडे दिली आहे. या समितीत ३१ खासदार असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला तिचे सभासद होता येत नाही. खात्याच्या मोठ्या साहेबांना समिती बोलावते आणि समोर बसवून विचारते. पासपोर्टाला उशीर का होतो? मंजूर पैसा पडून का राहिला? समितीची सूचना सरकारवर सक्तीची नसते. पण ती मानली की नाही आणि का, हे खात्याला लेखी कळवावे लागते.

एका बांधाची गोष्ट

आता एक खरी हकीकत सांगतो. पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात बेरुबारी नावाचा भाग आहे. १९५८ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी पाकिस्तानच्या पंतप्रधानांशी करार केला. बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचे ठरले. त्या वेळी परराष्ट्र खातेही नेहरूंकडेच होते.

लोक चिडले. आमची जमीन आम्हांला न विचारता कशी देता? प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९६० साली न्यायालयाने सांगितले, देशाची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची तर नुसती सही पुरत नाही. त्यासाठी संसदेने राज्यघटना दुरुस्त केली पाहिजे. पहा, घरच्या कारभाऱ्याने एकट्याने अंगठा उठवला म्हणून वडिलोपार्जित जमीन जात नाही. सगळ्या वाटेकऱ्यांची संमती लागते. तसेच हे.

त्याच वर्षी संसदेने घटना दुरुस्त केली. तरी बेरुबारी प्रत्यक्षात कधी दिली गेली नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला. १९७४ साली बांगलादेशाशी नवा करार झाला आणि बेरुबारी भारतातच राहिली.

पण त्या करारात आणखी एक काम होते. सीमेवर अशी गावे होती की ती भारताची, पण चहूबाजूंनी बांगलादेशाने वेढलेली. तशी १११ होती. उलट बांगलादेशाची ५१ ठिकाणे भारताच्या पोटात होती. तिथल्या लोकांचे हाल विचारू नका. देश कागदावर होता, पण शाळा नाही, दवाखाना नाही, मताचा हक्क नाही. चोरी झाली तर फिर्याद कुणाकडे करायची? पोराला शाळेत घालायचे तर काही जणांना बाप म्हणून दुसऱ्याचे नाव लावावे लागे.

अदलाबदल करायची तर संसदेची संमती हवी. ती मिळायला फार वर्षे गेली. आपली जमीन जास्त जाते, असा आक्षेप होता. तो खोटा नव्हता. आपल्याकडून सुमारे १७,१६० एकर जायची होती आणि ७,११० एकर यायची होती. पण जी जमीन दुसऱ्याच्या पोटात आहे, जिथे आपला तलाठी जाऊ शकत नाही आणि मास्तरही जाऊ शकत नाही, ती आपली असून नसल्यासारखीच. परराष्ट्र व्यवहार समितीने सगळे तपासले आणि २०१४ साली कायदा करावा असे सांगितले. २०१५ च्या मे महिन्यात दोन्ही सभांनी घटनादुरुस्ती एकमताने मंजूर केली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री ती गावे बदलली. तिथे ५० हजारांवर माणसे राहत होती. कोणत्या देशाचे व्हायचे, हे त्यांना निवडता आले.

यात दोन धडे आहेत. तपासणी असली म्हणजे कोणी एकटा देशाची जमीन देऊ शकत नाही. हा फायदा. पण तपासणी रेंगाळली तर गरीब माणूस मधल्या मधे अडकतो. हा तोटा. तेव्हा विचारणे हवे, आणि निकाल लावणेही हवे.

३९ कामगार

दुसरी हकीकत दुःखाची आहे. इराक देशात मोसुल नावाचे शहर आहे. तिथे आपले मजूर बांधकामावर गेले होते. पुष्कळसे पंजाबचे. २०१४ च्या जून महिन्यात दहशतवाद्यांनी शहर घेतले आणि ४० मजुरांना पकडले. एक जण सुटून आला. तो म्हणाला, बाकीच्यांना मारले. सरकारने ते खरे मानले नाही.

घरच्यांनी आशा धरली. खासदार संसदेत पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आमची माणसे कुठे आहेत? परराष्ट्रमंत्री होत्या सुषमा स्वराज. २०१७ साली त्यांनी लोकसभेत सांगितले की पुरावा नसताना माणूस मेला असे म्हणणे पाप आहे, ते आपण करणार नाही. पुढे मोसुलजवळ बदूश गावाच्या एका टेकाडाखाली प्रेते सापडली. नातेवाइकांच्या रक्ताच्या नमुन्यांशी ती जुळवून पाहिली. २० मार्च २०१८ रोजी मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले, ३९ ही जण मारले गेले आहेत.

घरच्यांना ही बातमी टी.व्ही.वरून कळली. ते फार दुखावले. आधी आम्हांला का नाही सांगितले? मंत्र्यांचे म्हणणे असे की आधी संसदेला सांगणे हे आपले कर्तव्य. नियम असेल, पण आईबापाचे दुःखही खरेच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच दिवशी लोकसभेत मंत्र्यांना बोलताच आले नाही, इतका गोंधळ चालला होता. आरडाओरडा म्हणजे जाब विचारणे नव्हे. गोंधळात प्रश्नही बुडतो आणि उत्तरही बुडते.

सगळेच सांगता येते का?

नाही. चालू बोलणी आणि सैन्याची गुपिते उघड केली तर देशाचे नुकसान होते. तेव्हा मंत्री उत्तर नाकारू शकतो. पण गुप्ततेच्या पांघरुणाखाली चूकही झाकता येते. चीनने लडाखच्या अक्साई चीन भागातून रस्ता केला. सरकारला ते आधीच कळले होते. संसदेला मात्र उशिरा, १९५९ साली सांगितले. मग खासदार गप्प बसले नाहीत. त्या सप्टेंबरात चीनशी झालेला पत्रव्यवहार सरकारला छापून संसदेपुढे ठेवावा लागला.

शिवाय प्रत्येक करार आधी संसदेत मंजूर करून घ्यावा, असा कायदा आपल्याकडे नाही. जमीन द्यायची किंवा कायदा बदलायचा, तरच संसदेत यावे लागते. तरी शेवटची चावी लोकसभेकडे आहे. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून २००८ साली डाव्या पक्षांनी सरकारचा पाठिंबा काढला. २२ जुलैला लोकसभेत मते मोजली. सरकारच्या बाजूने २७५, विरुद्ध २५६. मते कमी पडती तर सरकारच गेले असते.

आपले काम

खासदाराला प्रश्न स्वप्नात दिसत नाहीत. ते आपण पोचवायचे. तुमच्या गावचा माणूस परदेशी अडकला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, दलालाने फसवले, तर हातपाय गाळून बसू नका. खासदाराला पत्र लिहा. माणसाचे नाव, गाव, पासपोर्टाचा नंबर, मालकाचे नाव आणि कधीपासून खबर नाही, एवढे लिहा. पत्राची नक्कल ठेवा, टपालाची पावती जपा. महिन्याभरात उत्तर नाही आले, तर दुसरे पत्र टाका. खासदार मते मागायला गावात येईल, तेव्हा चावडीवर चारचौघांत विचारा, "आमच्या पत्राचे काय केलेत?"

आता तुम्हांला वाचता येते, लिहिता येते. पूर्वी दुसऱ्याकडून अर्ज लिहून घ्यावा लागे. आता लेखणी तुमच्या हातात आहे. एक पोस्टकार्ड दिल्लीच्या प्रश्नाच्या तासापर्यंत जाऊ शकते. ते टाकायला मात्र कोणी तरी हवे.

वाचून झाल्यावर वर्गात बोला

१. आपल्या मतदारसंघाचा खासदार कोण? त्याचा पत्ता कोणाला माहीत आहे?

२. बेरुबारीची जमीन नुसत्या सहीने का देता आली नाही?

३. आपल्या गावचे किती जण परदेशी आहेत? त्यांच्या पासपोर्टाची नक्कल घरी ठेवली आहे का?