बायबल कुणाला जाब विचारते?

ख्रिस्ती माणूस बायबलला देवाचे वचन म्हणतो, तेव्हा मराठी वाचकाला आधी वेदांचे अपौरुषेयत्व आठवते. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे वेगळे आहे. इथे ग्रंथाला लेखक आहेत आणि त्यांचे रागलोभही ग्रंथात उतरले आहेत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की, आधीचे वृत्तांत तपासून, चौकशी करून तो लिहितो आहे. करिंथकरांना लिहिताना पौल एके ठिकाणी बजावतो की, ही प्रभूची आज्ञा नाही, हे माझे मत आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेख ईश्वरप्रेरित असल्याचे ते प्रसिद्ध विधान आहे; आणि त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात, त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा येताना घेऊन ये, असा निरोपही आहे. देव माणसांच्या हातून बोलला आणि बोलताना त्याने त्यांचे माणूसपण पुसले नाही, असा हा दावा आहे. मला तो फार धाडसी वाटतो. शब्दन्‌शब्द आकाशातून उतरला असे मानले की वाद मिटतात. या दाव्याने ते सुरू होतात.

पहिला वाद कोणती पुस्तके धरायची याचा. दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्सियन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने जुना करार टाकूनच दिला. लूकचे छाटलेले शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे त्याने ठेवली. त्याला बहिष्कृत केले, पण यादी ठरवण्याची निकड त्यामुळे तीव्र झाली. नव्या कराराची आजची २७ पुस्तके, नेमकी तेवढीच, पहिल्यांदा सापडतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ३६७ साली लिहिलेल्या ईस्टरच्या पत्रात. जुन्या कराराबाबत एकमत आजही नाही. प्रोटेस्टंट बायबलात एकूण ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलात ७३ आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या परंपरेत ८१.

मग मंडळीने ग्रंथ ठरवला, की ग्रंथाने मंडळी घडवली? १५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर उभ्या असलेल्या मार्टिन लूथरने आपली बाजू निवडली: पोप आणि धर्मपरिषदा चुकू शकतात, शास्त्रवचनाने बांधलेला विवेक मागे फिरू शकत नाही. १५४६ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने उत्तर दिले की, शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा या दोहोंना सारख्याच आदराने स्वीकारायचे. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने तिसरेच टोक धरले: ग्रंथ देवाचा आहे याची खरी साक्ष वाचणाऱ्याच्या अंतःकरणात पवित्र आत्माच देतो. या तिन्ही भूमिका आजही जिवंत आहेत आणि तिन्हींच्या मागे प्रामाणिक माणसे आहेत. मला मात्र वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हा अधिकार ज्याच्या हातात ग्रंथ आहे त्याच्यावर चालतो, की तो फक्त इतरांवर चालवायचा असतो?

१८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती, पण मळ्यांवरची गुलामी तशीच होती. प्रोटेस्टंट बायबलच्या ११८९ अध्यायांपैकी या पुस्तकात जेमतेम २३२ उरले होते. इजिप्तमध्ये गुलाम म्हणून विकलेला आणि मालकाशी इमानी राहिलेला योसेफ त्यात होता. फारोच्या तावडीतून सबंध लोकांना बाहेर काढणारा मोशे नव्हता. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा इफिसकरांस पत्रातला उपदेश ठेवला. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांस पत्रातले वचन गाळले. ज्यांनी हे केले ते बायबलला देवाचे वचनच म्हणत होते. पण त्यांनी गाळलेली पाने बघितली की कळते, त्या ग्रंथात आपल्याला दोषी ठरवणारे काय आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

याच्या उलट टोकाला दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा पहिला बिशप जॉन विल्यम कोलेन्सो आहे. तिथे तो झुलू भाषेत बायबल आणत होता. त्याचा सहकारी विल्यम न्गिडी याने जलप्रलयाच्या गोष्टीवर साधा प्रश्न केला: हे खरोखर असेच घडले का? कोलेन्सो मुळात गणिताचा माणूस, त्याची अंकगणिताची पुस्तके इंग्लंडच्या शाळांत चालत. त्याने निर्गमातले आकडे मांडून पाहिले. सहा लाख लढवय्ये म्हणजे बायकापोरांसह वीस लाखांच्या वर माणसे वाळवंटात कशी राहिली, काय खाल्ले? १८६२ पासून त्याचे हे ग्रंथ निघू लागले आणि गदारोळ झाला. केपटाउनच्या बिशपने त्याला पदच्युत केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये तो निर्णय बेकायदा ठरवला. बायबलचा अधिकार उद्ध्वस्त करणारा, अशी त्याची ख्याती झाली. आणि १८७९ मध्ये इंग्रज झुलूंच्या राज्यात घुसले, इसांडल्वानाला त्यांचा मोठा पराभव झाला, वसाहत सूडाच्या भाषेत बोलू लागली, तेव्हा याच माणसाने व्यासपीठावर मीखा संदेष्ट्याचे न्यायाविषयीचे वचन घेतले आणि स्वतःच्या सरकारला स्वतःच्या लोकांसमोर जाब विचारला. आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता, मीखावर होता.

विसाव्या शतकात चर्चेसनी देवाचे वचन आणि माणसाचे लेखन यांची ही गाठ आपापल्या परीने सोडवली. पोप बारावे पायस यांनी १९४३ मध्ये कॅथलिक अभ्यासकांना मूळ भाषा आणि प्राचीन साहित्यप्रकार लक्षात घेऊन अर्थ लावण्याची मोकळीक दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये देव आणि माणूस दोघांनाही खरे लेखक मानले, आणि माणसाच्या तारणासाठी जे सत्य हवे ते शास्त्र निर्दोषपणे शिकवते असे म्हटले. इव्हँजेलिकल पुढाऱ्यांना एवढे पुरले नाही. १९७८ च्या शिकागो जाहीरनाम्यात त्यांनी इतिहास आणि विज्ञान यांबाबतही मूळ शास्त्रलेख निर्दोष असल्याचे ठासून सांगितले.

आपल्याकडे ग्रंथाच्या अधिकाराचा हा झगडा सर्वांत तीव्रतेने जगली ती पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरी मुलीला संस्कृत आणि पुराणे शिकवली गेली, पण वेद स्त्रीसाठी नव्हते. पुढे कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचायला सांगितले, तेव्हा ती चकित झाली होती. ज्या ग्रंथाला हात लावायचाच नाही त्याचे प्रामाण्य कसे असते, हे तिला ठाऊक होते. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींच्या आश्रमात राहत असताना तिने बाप्तिस्मा घेतला. आणि लगेच पंचाईत उभी राहिली. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचे मतांगीकार, चमत्कार या सगळ्यांवर ती प्रश्न विचारू लागली. पुढे इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅमला तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवले, तेव्हा ती संतापली. वाँटेजच्या आश्रमातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात तिची बाजू स्वच्छ दिसते: देवाचे वचन मानीन, पण ते वाचून समजून घेण्याचा हक्क कुणा धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करणार नाही. सिस्टरना त्यात अहंकार दिसला. मला त्यात लूथरपेक्षा अवघड उभे राहणे दिसते. लूथरच्या पाठीशी सॅक्सनीचा राज्यकर्ता होता; परदेशात, पदरी लहान मुलगी घेऊन, दुसऱ्यांच्या आश्रयाला असलेली ही विधवा एकटी होती.

पुढे तिच्या श्रद्धेला वेगळे वळण लागले, संपूर्ण बायबलवरची निष्ठा अधिक घट्ट झाली; पण स्वतः वाचण्याचा आग्रह सुटला नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना समजेल असे मराठी बायबल करायला घेतले. तिथल्याच छापखान्यात ते छापले गेले आणि कामाला आश्रमातल्या मुली व बायका होत्या: दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेली, सबंध बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. मराठी चर्चेसमध्ये ते फारसे रुजले नाही, तिथे बायबल सोसायटीचीच आवृत्ती वाचली जात राहिली. पण एका बाईने मूळ भाषांपासून छापखान्यापर्यंत सगळे आपल्या हाती घेतले आणि ज्यांना कोणताच ग्रंथ उघडायची मुभा नव्हती, त्यांच्याच हातांनी तो जुळवून घेतला. ग्रंथाच्या अधिकाराविषयी तिने वाँटेजला जे लिहिले होते, ते तिने केडगावात करून दाखवले.