उंच खांबांना भुलू नका

दोन हिस्टोग्राम समोर ठेवले की माझ्या वर्गातली मुलं आधी उंच खांब शोधतात. म्हणून संख्याशास्त्राच्या तासाला मी त्यांना २०११च्या जनगणनेतले केरळ आणि उत्तर प्रदेश देते. साठीपुढची माणसं केरळात सुमारे ४२ लाख, उत्तर प्रदेशात दीड कोटीच्या वर. "मॅडम, म्हातारी माणसं यूपीतच जास्त!" उत्तर तयार. पण तिथली लोकसंख्या जवळपास २० कोटी, केरळची ३.३४ कोटी. म्हणजे उभ्या अक्षावर माणसं नकोत, टक्के हवेत. ते मांडले की पारडं फिरतं: केरळ १२.६ टक्के, उत्तर प्रदेश ७.७.

एवढ्यावर भागत नाही. वयोगट दोन्हीकडे तेच हवेत. एकीकडे पाच-पाच वर्षांचे आणि दुसरीकडे दहा-दहांचे गट घेतले, तर दहावाले खांब फुकटात उंच होतात. एकेका वर्षाचे गट पाडले, तर ३०, ३५, ४० वर सुळके दिसतात. त्या वयाची माणसं खरंच इतकी जास्त नसतात. प्रगणकाने वय विचारलं की अनेकजण गोल आकडा ठोकून देतात. पाच वर्षांच्या गटांत हे सुळके बरेचसे विरतात.

आलेख मी एकाखाली एक काढायला लावते, दोन्ही अक्षांचं माप सारखं ठेवून. संगणकावर सोपवलं तर तो प्रत्येक आलेखाला सोयीचं माप देतो, आणि ७ टक्क्यांचा खांब १२च्या बरोबरीने मिरवतो. छापील आलेख दिसला की खांबांआधी अक्षांवरचे आकडे वाचा.