विश्लेषण : ५ आणि १ मिळून ५१ कसे होतात?

खरेदीच्या अ‍ॅपमध्ये ५ वस्तूंत आणखी १ मिळवली आणि ६ऐवजी ५१ दिसले, तर चूक बहुधा गणिताची नसते, माहितीच्या प्रकाराची असते.

नेमके काय होते?
मायक्रोसॉफ्टने २०१२मध्ये आणलेल्या टाइपस्क्रिप्टमध्ये ‘ही माहिती संख्या आहे’ अशी नोंद प्रोग्रामर करतो. मात्र जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होताना ती पुसली जाते. त्यामुळे अक्षररूपात आलेल्या ५ पुढे १ नुसता चिकटतो. ‘फॉल्स’ असा मजकूर आला, तर तोही रिकामा नसल्याने ‘होय’ ठरतो.

उपाय काय?
आलेल्या माहितीचा प्रकार ‘टाइपऑफ’ने कळतो, अपेक्षित प्रकार मात्र वेगळा नोंदवावा लागतो. ‘व्ह्यू’मध्ये तशी सोय आहे. ‘अँग्युलर’ने २०२३मध्ये माहिती आत येतानाच ती बदलून घेण्याची सोय दिली. त्यामुळे बिलाचा हिशेब होण्याआधीच चूक टाळता येते.